दीड बोट

१२ फेब्रुवारी २००५, सकाळी अकरा. जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञांनी भर सभेत "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं. एका मुलीने विचारलं होतं, सूर्याजवळ अवकाश खरंच वाकतो की फक्त गणितात? "मोजता आलं तेवढं मोजलंय. पुढे आमच्यातच वाद आहेत," ते हसून म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या भौतिकशास्त्राच्या सोमाजी डोके सरांनी मान खाली घातली.

नऊ वर्षांपूर्वी याच कॉलेजात, सरांच्या अकरावीच्या वर्गात स्नेहलने जवळपास हेच विचारलं होतं. "सर, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशेऐंशीच, हे कुणी मोजून बघितलंय का नुसतं मानलंय?"

सरांना उत्तर येत नव्हतं. "तुझा बाप गवंडी ना? त्यालाच आण मोजायला."

वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी गेणू गवंडी खरंच आला. अंगात धुतलेला सदरा, हातात गाठी मारलेली दोरी. "सरांनी बोलावलंय, म्हणली पोरगी." फळ्याजवळच्या कोपऱ्यापासून त्याने एका भिंतीवर तीन हात मोजले, दुसरीवर चार, आणि तिरकी दोरी ताणली. ती बरोबर पाच हात भरायला हवी होती.

"सर, कागदावर बरोबर असंल. पर ह्यो कोपरा काटकोनात न्हाई. दीड बोट सुटलाय."

"सर, आता तास ह्यांनाच घेऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

सरांनी शिपायाला हाक मारली. "यांना बाहेर ने."

गेणूने दोरी गुंडाळली आणि सरांपुढे हात जोडले. सोमवारपासून स्नेहल वर्गात आली नाही.

व्याख्यान संपल्यावर सर मोटारसायकलवरून थेट गेणूच्या गावी, पारगावला गेले. गेणू एका बांधकामावर ओळंबा धरून उभा होता. सर तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, तवा लई चुकलं माझं. भर वर्गात दोरी लावाया नको व्हती."

"अहो, तसं नाही, मी..."

"पोरगी अजून नीट बोलत न्हाई माझ्याशी. म्हणती, आबा, तुमचं माप बरोबर व्हतं, मग हात का जोडलं? चाकणला कंपनीत हाय. तुमी सांगितलं, तुझ्या आबांची चूक व्हती म्हणून, तर आयकंल ती."

सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यावर त्याने तिचा फोन नंबर लिहून दिला. सरांनी तो घेतला.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सरांनी वर्गाचं दार लावून तोच कोपरा मोजला. दीड बोटच.

जूनमध्ये नवा वर्ग भरला, तेव्हा गोणीचा तुकडा हजेरीपटातच होता. फोन अजून केलेला नव्हता.