मोटेसारखी पारखलेली खोळ

मी एक जुनी लष्करी खोळ आहे. उघड्यावर निजणाऱ्या शिपायाने अंथरुणासकट माझ्यात शिरायचे, डोक्यावरची नाडी ओढायची आणि पाऊस, दव, वारा बाहेर ठेवायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला भित्री म्हणाल. खुशाल म्हणा. पावसाला, उंदरांना, काट्याकुट्यांना मी कधी भ्याले नाही. मला भीती वाटते ती माझीच.

एका कारखान्यात जाड कापडावर रबराचे तीन हात चढवून मला भट्टीत भाजून काढले. शिवणीच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून त्यांवरही रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. आमचा तपासनीस रोज एकच गोष्ट बजावत असे, की थेंबसुद्धा आत जाता कामा नये. ते मी इतके मनावर घेतले की दुसरे काही शिकायचे असते हे मला ठाऊकच नव्हते. मग एकाहत्तरची लढाई लागली. मला लाकडी पेटीत घालून पूर्वेकडे धाडले. पण पेटी उघडायच्या आधीच लढाई संपली, आणि माझ्यात एकही जवान न निजता मी दोन वर्षे त्या पेटीत पडून राहिले. आत काळोख होता आणि माझ्याच रबराचा वास. कोंडून राहणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले. तेव्हा वाटले, एवढीच काय ती आयुष्यातली भीती.

पुढे लिलावात मला मालेगावच्या नथ्थूने उचलले. तो बाजारात लष्करातला टाकाऊ माल विकायचा. बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या, सगळे एका ढिगात. माझ्या शेजारी दुसरी एक खोळ पडली होती. माप माझेच, पण तिला रबर नव्हते, नुसते घट्ट विणीचे सुती कापड. ती लढाई पाहून आली होती. अंगावर चिखलाचे डाग, कोपऱ्याशी ठिगळ. खरे सांगते, मी तिच्याकडे नाक मुरडूनच पाहिले.

मालेगावजवळच्या मळ्यात वांगी, मेथी आणि कांदे पिकवणारे उकंडराव एके दिवशी त्या ढिगापाशी थांबले. फाल्गुनात ते बायको लिलाबाई आणि सहा वर्षांची मुलगी वच्छला यांना घेऊन शिरपूरच्या यात्रेला जात. तिथे यात्रेकरूंना भाजी विकत चार दिवस मोकळ्या मैदानात, बैलगाडीखाली मुक्काम पडे. वच्छला नुकतीच तापातून उठली होती. तिला मागे ठेवावे तर घरी दुसरे कोणी नव्हते. तेव्हा तिला उघड्यावर कोरडे ठेवील असे काहीतरी त्यांना हवे होते.

"दोनी घेऊन जा," नथ्थू म्हणाला. "पारखून पाहा, नको असन ते परत आना."

उकंडराव विहिरीचे पाणी उपसायच्या मोटेचे कातडे पारखण्यात पटाईत. गावोगावचे लोक नवी मोट त्यांना दाखवायला आणत. त्यांची रीत ठरलेली होती. मोट पाण्याने भरायची, झाडाला टांगायची, खाली चुलीतली राख पसरायची आणि जेवून यायचे. राखेवर थेंबाचा खळगा दिसला की मोट नापास. माझ्या दैवात हीच परीक्षा होती. आम्हा दोघींत चार चार घागरी पाणी ओतून त्यांनी आम्हाला कडुलिंबाच्या फांदीला टांगले.

शेजारच्या शेतातले इंद्रभान तेव्हा विहिरीवर आले होते. दहा वर्षे पलटणीत काढून आलेला मितभाषी माणूस.

"कोनती ठेवून राह्यले, उकंडराव भाऊ?"

"आता राखच सांगन."

इंद्रभान माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "मी अशा खोळीत निजलो हाओ. कापडाचीच ठेवा. अन् हे रबराची ठेवली, त तिचं तोंड कधी बंद करू नोका. आत दम कोंडते."

उकंडराव हसले. "पानी राखत नाई, ते काय कामाची? मोटेले कोनी इचारते काय, तुह्या आत दम कोंडते काय म्हनून?"

"मोटेत मानूस निजत नाई, भाऊ," एवढे बोलून इंद्रभान आपल्या वाटेने गेले.

जेवणे झाली. सुती खोळीखालच्या राखेचा नुसता चिखल झाला होता. माझ्याखालची राख जशीच्या तशी. उकंडरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लिलाबाईला हाक मारून ती कोरडी राख दाखवली. एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. मी फुगून गेले. इंद्रभानांचे शब्द मीही ऐकले होते, पण माझेच कौतुक चालले असताना मला ते नको झाले. ठिगळवाली खोळ नथ्थूने वर फुकट देऊन टाकली.

शिरपूरचा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडराव ती सुती खोळ खांद्यावर टाकून बैलांना पाणी पाजायला ओढ्याकडे गेले. इकडे आभाळ एकाएकी काळेनिळे झाले. वारा आधी थांबला आणि मग असा सुटला की शेजारच्यांची पाले उडाली. पाठोपाठ गारा आल्या. सुरुवातीला बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या.

लिलाबाईचा जीव पोरीत अडकला होता. डॉक्टरांनी बजावले होते, हिला भिजू देऊ नका, थंडी लागू देऊ नका. तिने वच्छलाला गोधडीत गुंडाळून माझ्यात घातले, गाडीखाली सरकवले आणि तोंडाची नाडी ओढली. गार वाऱ्याची फट राहू नये म्हणून नाडीला दोन वेढे देऊन तिने गाठ मारली. मोटेला मारतात तीच, ओढावी तशी घट्ट होणारी. नवऱ्याच्या हाताखाली ती गाठ तिने शेकडो वेळा मारली होती. मग डोक्यावर टोपले घेऊन ती माझ्याजवळ बसली आणि एक हात माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, आत काय चालले होते ते फक्त मला माहीत होते.

"माय, गरम होते," वच्छला म्हणाली. बाहेर गारा गाडीच्या फळ्यांवर ताडताड आपटत होत्या. लिलाबाईला ते ऐकू गेले नाही.

"माय, सोड न वं." तिने आतून मला लाथा मारल्या. लिलाबाईला वाटले पोर विजेला भ्याली, म्हणून ती मला थोपटू लागली. "भिऊ नोको माय, मी हावो इथंच."

पोरीच्या श्वासाने माझ्या आतल्या अंगाला पाणी सुटले. ते कुठे जाणार? मी बाहेरचा थेंब आत येऊ देत नव्हते, तसा आतला श्वासही बाहेर जाऊ देत नव्हते. मी माझ्या शिवणी सैल करू पाहिल्या. एखादी तरी पट्टी सुटावी म्हणून धडपडले. एकही सुटली नाही, इतकी मी पक्की होते. पोरीचे श्वास आखूड झाले आणि भराभर येऊ लागले. ती नखांनी मला ओरबाडत होती. नंतर ओरबाडणेही थांबले. असे भय मला पेटीत वाटले नव्हते. तिथे मी कोंडलेली होते. इथे मीच कोंडणारी होते, आणि मला वाचा नव्हती.

"झोपली वाटते माही पोरगी," लिलाबाई स्वतःशीच म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. तो चेहरा आठवला की मला आजही कापरे भरते.

गारांचा जोर कमी झाला. लिलाबाईने हाक मारली, "वच्छले." उत्तर नाही. तिने मला हलवले. आतले अंग नुसते ढिले हलले. मग ती गाठीवर तुटून पडली. नाडी सुताची होती, भिजून फुगली होती. बोटांना दाद देईना, दातांना दाद देईना. तिने चहूकडे पाहिले आणि मेथीच्या जुड्यांपाशी पडलेला विळा उचलला.

काप, मी मनात म्हणत होते. लवकर काप.

तिने विळ्याचे टोक माझ्या खांद्यापाशी खुपसले, पोरीला लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने मला वर उचलून धरले आणि कमरेपर्यंत फाडत नेले. आतून वाफेचा लोट निघाला. वच्छला घामाने निथळत होती. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. लिलाबाईने तिला ओढून काढले, पाठीवर थापट्या मारल्या, आणि ज्या गारांपासून तिला वाचवायचे होते त्याच गारा ओंजळीत घेऊन तिच्या तोंडावर चोळल्या. एकदा चोळल्या. पुन्हा चोळल्या. तिसऱ्या वेळेला पोरीने मोठा हुंदका देऊन श्वास ओढला. मग ती खोकली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली,

"माय, थंडी वाजते."

लिलाबाई तिला छातीशी धरून मोठ्याने रडली. "वाजू दे माय. वाजू दे."

थोड्या वेळाने उकंडराव आले. सुती खोळ डोक्यावर घेऊन ते ओढ्याकाठी बसून राहिले होते. नखशिखांत भिजले होते, कुडकुडत होते आणि चांगले धडधाकट होते. त्यांनी मला पाहिले, पोरीला पाहिले, आणि न विचारताच त्यांना सगळे कळले. गावी परतल्यावर ते आधी इंद्रभानांच्या दारी गेले, तेव्हा मी गाडीतच होते. "भाऊ, मी पानीच पाह्यलं," ते म्हणाले. "मानूस नाई पाह्यला." इंद्रभानांनी आत पाहून पाण्याचा तांब्या मागवला.

पुढे एकदा उकंडराव दाभण आणि सुतळी घेऊन माझ्यापाशी बसले. चांगला माल फुकट जाऊ नये, ही त्यांची जुनी सवय. लिलाबाईने येऊन ती जाड सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. "फाटकीच राहू द्या," ती म्हणाली. त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली. तेव्हापासून मी कांद्याच्या ढिगावर पांघरलेली असते. पाऊस आला की चिरेतून पाणी गळते, चार कांदे सडतात, आणि त्याबद्दल मला कोणी बोलत नाही.

मित्रांनो, आता माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत. कधीतरी मी कुणा नव्या माणसाच्या हाती जाईन. कदाचित तुमच्यापैकीच कुणाच्या. एक विनवणी आहे. वस्तू घ्याल तेव्हा ज्याने ती वापरली आहे त्याचे ऐका, आणि आपल्या माणसाला जपताना त्याला श्वासापुरती जागा ठेवा. वाईट माणसांची मला भीती नाही, ती मला फेकून देतील. मला भीती वाटते ती कुणी चांगला माणूस येईल, माझी ही लांब चीर पाहून हळहळेल, आणि आपल्या लेकरासाठी मला मायेने शिवायला बसेल.