कोन्याकूच्या कंदाचं पांघरूण

मी कोन्याकूचा कंद बोलतोय. तुमच्या सुरणाचा जपानी चुलतभाऊ. रूप तसंच ओबडधोबड, खाज तेवढीच, राग मात्र माझा जास्त. का, ते ऐका.

जपानातल्या गुन्माच्या डोंगरउतारावर चियोनोआजीच्या वावरात मी जन्मलो. थंडीच्या आधी ती मला अंड्यासारखं उचलायची आणि चुलीवरच्या माळ्यावर उबेला ठेवायची. बाहेर बर्फ पडो की आभाळ कोसळो, मी आपला घोरत पडलेला.

मग तिच्या नवऱ्याच्या, यासुकिचीच्या, अंगात आलं. "माळा कशाला? हा अंगणातच हिवाळा काढेल," तो शेजाऱ्यांना म्हणाला. "वसंतात फुलेल. सगळ्यांनी डबे घेऊन फूल बघायला यायचं."

"अहो, निदान खोल तरी पुरा," आजी म्हणाली. "खाली गारठा पोचत नाही."

"तू तुझी चूल बघ."

पुरलं वीतभरसुद्धा नाही. वर पाचोळ्याचं पांघरूण घातलं, तेही हा बाबा उठसूट काढायचा. मी जगलोय की मेलोय, ते बघायला! गाढ झोपलेल्याचं पांघरूण ओढून 'झोपलास का रे?' विचारणारी ही जात. एकदा त्याचं खुरपं लागलं, तेव्हा त्याच्या हाताला असा चीक लावला, की जेवताना हातातल्या जेवायच्या काड्या सोडून तो बोटंच खाजवत बसला. पण गारठ्यानं माझी एक कड सडलीच.

शेवटी आजीनं भाताच्या काडाचा जाड थर रचला, त्यावर घमेलं पालथं घातलं आणि वर मोठा धोंडा ठेवला. "आता काढून दाखवा."

म्हणून वाचलो.

थंडी सरल्यावर आजीनंच धोंडा-घमेलं उतरवलं, आणि मे महिन्यात उरल्यासुरल्या जिवावर मी माणसाच्या छातीएवढं उंच जांभळं फूल उभारलं. वास असा, की डोंगरापलीकडच्या माश्या बिऱ्हाडासकट आल्या. चटईवर बसलेल्या गावकऱ्यांनी उघडलेले डबे झाकले.

"यासुकिचीबुवा, पाहुण्यांना बोलावण्याआधी मेलेली घूस तरी काढायचीत," शेजारचा ओमोरी म्हणाला आणि चपला शोधू लागला.

अंगण रिकामं झालं. यासुकिची विळा घेऊन माझ्यावर धावला. एका घावात माझा सगळा हिवाळा पाण्यात गेला असता. आजी मध्ये उभी राहिली.

"थंडीभर उकरून विचारत होतात ना, जिवंत आहेस का म्हणून? त्यानं उत्तर दिलंय. आता बसा आणि ऐका."

तो बसला. नाकाला रुमाल बांधून भाताचे गोळे गिळू लागला. आजी मात्र सावकाश जेवली.

फुलण्यात माझा सगळा साठा संपला. आता लिंबाएवढा उरलोय, आणि थंडी पुन्हा दाराशी आलीय. माळ्यावर न्या नाहीतर खोल पुरा, तुमची मर्जी. पण एकदा निजवलंत, की वसंतापर्यंत मला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो.