घोडी रवंथ करत नाही

श्रावणनं दिघोरीत मारवाडी घोडी आणली तेव्हा लोकांनी आधी तिचे कान पाहिले. दोन्ही कान आत वळलेले, वर टोकाला टोक भिडलेलं. मान उंच, पाय असे की चिखलणीला जुंपायचा विचारही कोणी करू नये. नवरदेवासाठी घोडी आजवर लाखनीहून येत असे. आता लाखनीनं दिघोरीला यावं, एवढीच श्रावणची इच्छा होती. पहिली वरात येत्या आठवड्यात होती.

विकणाऱ्यानं चाऱ्याचं सगळं समजावलं होतं. पोट लहान, म्हणून दिवसभर थोडं थोडं. सुकं गवत, मूठभर भिजवलेले चणे, आधी पाणी मग दाणा. श्रावण प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. तो सगळ्याच वाक्यांना मान हलवतो. ती मान हिशेबात धरायची नसते, हे त्याची बायको आनंदाबाई लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

संध्याकाळी बैल धानाचं तणस खाऊन बसले आणि रवंथ करू लागले. जबडा हलतोय म्हणजे जनावर ठीक, हे श्रावणला कळत्या वयापासून ठाऊक. घोडी मात्र उभीच होती आणि जबडा बंद.

त्यानं सोमाजीमामाला बोलावलं. गावातल्या प्रत्येक बैलाचं पोट मामाच्या हाताखालून गेलेलं.

"रवंथ बंद हाये, भाच्या. पोट धरलं इनं."

"बसत बी नाई, मामा."

"बसन कशी? जीव घाबरून राहिला तिचा."

आनंदाबाई म्हणाली, "विकणारा त थोडं थोडं द्या म्हणे."

"त्याले आपल्या इकडचं काय मालूम?" मामा म्हणाला. श्रावणनं मान हलवली.

मग भरडलेली लाखोरीची डाळ, धानाचा कोंडा आणि वरून भाताची पेज, असं घमेलं भरून पुढं ठेवलं. या औषधानं बैलाचा रवंथ सुटतो. घोडीनं घमेलं चाटून पुसून ठेवलं, तरी जबडा थांबला तो थांबलाच. शेजारच्या कुंताबाईला दया आली, तिनं शिळा भात आणला. पलीकडच्या मंगरूनं सरकीची ढेप आणली.

सकाळी घोडी वळून वळून आपल्या पोटाकडं पाहू लागली. खुरानं माती उकरली आणि धाडकन आडवी पडून लोळू लागली. श्रावणनं लाखांदूरला फोन लावला.

लाखांदूरहून जनावरांच्या डॉक्टर मंजुषा आल्या. त्यांनी घोडीला उठवून पोटाला कान लावला.

"काय खाऊ घातलं?"

अंगणात माणसं पुष्कळ होती. जो तो दुसऱ्याकडं पाहू लागला.

"घोड्याला ओकता येत नाही. आत काय आहे ते कळलं नाही तर ही हातची जाईल."

"थोडासा भात," कुंताबाई म्हणाली.

"थोडीशी ढेप," मंगरू म्हणाला.

थोड्याथोड्याची बेरीज होत होती, पण मोठा आकडा अजून आला नव्हता. सोमाजीमामा आभाळाकडं पाहत होता. श्रावणनं मामाकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं. मामाचा शब्द त्यानं आजवर चारचौघांत खाली पाडला नव्हता.

"लाखोरी, कोंडा न् पेज. घमेलंभर," तो म्हणाला. "मामानं सांगतलं, म्या देल्लं. रवंथ करत नव्हती, मॅडम."

मंजुषाबाई म्हणाल्या, "घोडा रवंथ करत नाही. कधीच नाही. आणि झोपतो बहुतेक उभ्यानं."

"मंग गावभर सांग आता," मामा श्रावणला म्हणाला आणि कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

नाकातून नळी गेली, तेल गेलं, सुई झाली. मग घोडीला फिरवायचं, लोळू द्यायचं नाही. श्रावण फिरवत होता. अख्खं अंगण, चहा विसरून, घोडीच्या शेपटीकडं डोळे लावून बसलं.

ऊन कलल्यावर शेपूट उचलली गेली.

लीद पडली. श्रावण होता तिथंच मातीत बसला आणि दोरी उराशी धरून रडू लागला. मामा कुंपणापासून आला. त्यानं काडीनं ऐवज उलटसुलट केला, वास घेतला आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेण चांगलं हाये," तो म्हणाला. "ऊठ. गवत टाक तिले. थोडंसंच."