भिकाचा हुंकार

आमच्या पाखऱ्या बैलाने ओझरच्या विमानाला शर्यतीत मागे टाकलं, ही गोष्ट आता इंटरनेटवर आहे, म्हणजे ती खरीच ठरली. पण ती तिथवर गेली कशी, ते ऐका.

वीसेक वर्षांपूर्वी नाशिकहून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन गावात आले होते, जुन्या गोष्टी जमवत. मारुतीच्या पारावर मी सांगायला बसलो आणि शेजारी भिका, हुंकार द्यायला. हुंकाराशिवाय माझी गोष्ट चालत नाही. शेजारच्याने 'हं' म्हटलं की पुढची थाप आपोआप सुचते, आणि भिकासारखा 'हं' साऱ्या तालुक्यात कुणाचा नव्हता. मी मुंगीच्या पाठीवर हत्ती बसवला तरी त्याचा 'हं' येई, तोही असा, की हत्तीला ऐसपैस जागा होई.

पुढे भिकाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता तो काठीने बोलतो. एकदा आपटली म्हणजे पटलं, दोनदा म्हणजे थाप. माझ्या वाट्याला बहुतेक दोनच येतात. त्याची सून उज्वला त्यानंतर घरात आली. सासऱ्याचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

मध्यंतरी नाशिकच्या एका संग्रहातून तेजस्विनी नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून ती जगाला ऐकवते. तुमची गोष्ट चढवायची आहे, आधी येऊन ऐकून जा, म्हणाली. उज्वलाला कळलं तशी तिने ठेवणीतली साडी काढली आणि भिकाला नवी टोपी घातली. मला टोपीचं कुणी विचारलं नाही.

आम्ही तिघं नाशिकला पोचलो, आणि तेजस्विनीने बटण दाबलं. माझा आवाज असा खणखणीत, की मीच बसल्या जागी ताठ झालो. बैल धावला, विमान धावलं, मी श्वास घ्यायला थांबलो, आणि तिथे काहीच नाही. नुसती पोकळी. पुढच्या वेळीही तेच. उज्वला कानाशी हात धरून बसली होती.

तेजस्विनी कौतुकाने सांगत होती, की मागचे आवाज साफ केलेत. कुत्रं काढलं, वारा काढला, कुणीतरी सारखं मध्ये घसा खाकरत होतं, तेही काढलं.

भिकाने टोपी उतरवून मांडीवर ठेवली. काठी हलली नाही.

मी म्हणालो, "ताई, तो खाकरत नव्हता. तो ऐकत होता. त्याला काढणार असशील तर मलाही काढ."

पोरगी ओशाळली. मूळ टेप जशीच्या तशी जपलीय, म्हणत तिने ती लावली. कुत्रं आलं, वारा आला. टेपेतला मी म्हणालो, पाखऱ्याने शेपूट वर केलं, आणि शेजारून आला, "हं." जाड, उबदार, गुळाच्या ढेपेसारखा.

उज्वलाने सासऱ्याकडे पाहिलं. "मामंजी, हे तुम्ही?"

काठी एकदा वाजली.

"लय भारी आवाज हाय तुमचा," ती म्हणाली, आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

आता कुत्र्यासकट अख्खी टेप वेबसाइटवर आहे. खाली लिहिलंय: गोष्ट खंडेराव, हुंकार भिका. उज्वला भाकरी थापताना ती मोबाइलवर लावते, आणि पिठाच्या बोटाने मला पुढे सारत थेट हुंकारावर उतरते. विमान तसंच लोंबकळत राहतं.

परवा त्यांच्या ओट्यावर बसून मी सांगितलं, की टेप ऐकून त्या पायलटाचा फोन आला होता, पुन्हा शर्यत लावू म्हणाला. भिकाने काठी दोनदा आपटली.

आतून, तव्यावरची नजर न काढता, उज्वला म्हणाली, "हं."

मग काय, मी पुढचं सांगायला घेतलं.