मागचं चित्र

“नळ आला का?” चंपाबाईंनी पलंगावरून विचारलं.

“आला. पण भिंतीच्या मधोमध आलाय,” संघमित्रा म्हणाली.

“मग चुकलं. नळ वळणावर होता. त्याच्यापुढं कुंदाचा ओटा, आणि मग आपलं दार.”

केतननं मुकाट्यानं नळाचा तुकडा माऊसनं उचलला आणि वळणावर नेऊन ठेवला. तो चपखल बसला. पडद्यावर असे शेकडो चौकोनी तुकडे इकडेतिकडे पसरले होते. गेमच्या पोटातून त्यानं ते खटपट करून बाहेर काढले होते, पण क्रम पार बिघडला होता. सकाळपासून तिघं मिळून गल्ली जोडत होती. त्यातल्या चंपाबाईंना पडदा दिसतच नव्हता.

केतन हा चंपाबाईंच्या मुलाचा, विशालचा, जुना सोबती. अंधेरीला एमआयडीसीत गेम बनवणारी एक कंपनी होती, तिथे दोघं शेजारी बसायचे. राजे, राक्षस, जादूगार असला सगळा मामला. खेळणारा आपला योद्धा घेऊन गावोगाव हिंडतो, आणि योद्ध्याच्या पायाखालचं गाव, म्हणजे मागचं चित्र, विशाल काढायचा. या पठ्ठ्यानं त्यातल्या एका गावात घाटकोपरच्या टेकडीवरची आपली अख्खी गल्ली घुसवून दिली होती. पत्र्यांच्या जागी कौलं घातली, विजेच्या खांबाला मशाल लावली, की साहेबांना काय कळतंय! पुढे कंपनी बंद पडली. गल्ली पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, तिच्यातच यांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आणि मागच्या पावसाळ्यात विशाल तापानं गेला. विशालची बहीण संघमित्रा महापालिकेच्या इस्पितळात नर्स. साऱ्या वॉर्डाचा ताप उतरवायचा आणि घरातला उतरवता येऊ नये, हे तिला अजून पचलेलं नव्हतं.

विशाल होता तोवर चंपाबाईंनी ते चित्र कधी पाहिलं नाही. रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास सोडून पोरगा गेम करत बसतो, याचा त्यांना भयंकर राग. “आई, एकदा बघ तरी. आपलं घर काढलंय. दारात मी बसलोय,” तो म्हणायचा. “मला नाही बघायचे तुझे खेळ,” या म्हणायच्या. शेवटी त्यानं बोलावणंच सोडलं. पुढे तर दोघांनी अबोलाच धरला. तरी पहाटे पाणी भरायला उठलं की त्या आधी दाराबाहेर बघायच्या. चपला असल्या, की पोरगा घरी आला. त्यातली एक हमखास उलटी पडलेली असायची. पायाच्या अंगठ्यानं ती सरळ करून त्या नळावर जायच्या.

आता साखरेनं डोळे खाल्ले होते. समोर बघितलं की मधोमध काळा ठिपका, थोडंफार दिसायचं ते कडेचं. “जे बघायचंय ते आत्ताच बघून घ्या,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा चंपाबाई रिक्षात बसल्यावर एवढंच बोलल्या, “मला विशालचं चित्र दाखव.”

संघमित्रानं त्याच्या कॉम्प्युटरवर गेम लावून दाखवला. पण त्यात योद्ध्याभोवतीचा तुकडाच काय तो उजळायचा, बाकी अंधार. तो चालला की चित्र सरकायचं. “पळतंय गं सगळं. धरता येत नाही मला,” म्हणत चंपाबाईंनी तोंड फिरवलं, आणि पदर डोळ्यांना लावला. तेव्हा तिनं केतनला फोन केला. मागचं चित्र तेवढं बाहेर काढून दे, मोठं छापून स्मृतिदिनाला भिंतीवर लावते.

शेवटचा तुकडा बसला. कुंदाचा ओटा, पायरी, दार. पायरीवर कोणीच नव्हतं.

“केतन, विशाल कुठाय?” संघमित्रानं आवाज खाली आणून विचारलं.

“म्हणजे?”

“दारात बसलेला असतो ना रे. गुडघ्यावर हात ठेवून.”

केतनच्या आत्ता ध्यानात आलं. “ताई, माणसं मागच्या चित्रात नसतात. ती हलतात ना, म्हणून वेगळी बनवून नंतर वर ठेवतात.”

“मग ती पण काढ.”

“काढतो की. पण तो विशाल नाहीये.” तो मान खाली घालून बोलत होता. “एकच साचा आहे तो. सगळ्या गावांत तोच बसलाय, सदऱ्याचा रंग बदलून. माणसं दुसरी टीम करायची. यानं फक्त सांगून ठेवलं होतं, माझ्या दारात एक बसवा म्हणून.”

वाट लागली, संघमित्राच्या मनात आलं.

“झालं का गं?” पलंगावरून आवाज आला. “दिसतोय का तो?”

“झालं, आई,” ती म्हणाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिनं टाळलं.

“फोटो चिकटवू का त्याचा?” केतन कुजबुजला. “दोन मिनिटांचं काम आहे.”

तिला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. मग ती म्हणाली, “नको. त्याच्या चित्रात दुसऱ्याचा हात नको.”

स्टेशनाजवळच्या फ्लेक्सवाल्यानं चित्र उघडलं आणि विचारलं, “बर्थडे की भावपूर्ण?”

“भावपूर्ण.”

“मग फोटो द्या ना. नाव काय टाकू?”

“काही नको. आहे तसंच छापा.”

“मॅडम, बॅनरवर माणूसच नाय?” त्यानं पुन्हा विचारलं. संघमित्रानं पैसे मोजून दिले. दिवसभर तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. आईला आता दाखवायचं काय?

स्मृतिदिनाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी तिनं फ्लेक्स लावला. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर हलवायची नव्हती, म्हणून तो त्यांच्या खाली लावला, तर खालची कड थेट फरशीला टेकली. दोघींनी मेणबत्ती लावून वंदना म्हटली. मग चंपाबाई भिंतीजवळ गेल्या. मधलं दिसत नसल्यामुळे त्यांना जे बघायचं त्याच्या शेजारी बघावं लागे. कोंबडीसारखी मान तिरकी करून त्या एकेक जागा हुडकत सरकू लागल्या.

“हा नळ. हा कुंदाचा ओटा. कोपरा फुटलाय, तोसुद्धा काढलाय बघ यानं.” त्यांचा आवाज चिरकला. “एवढं सगळं करत होता, आणि मी...”

त्या चित्रातल्या दारासमोर येऊन थांबल्या.

संघमित्रा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, “दारातच बसलाय बघ, आई. गुडघ्यावर हात ठेवून.”

“खोटं बोलू नको. दारात कोणी नाही.”

संघमित्रानं त्यांचा दंड धरला.

“चपला बाहेर आहेत त्याच्या,” चंपाबाई म्हणाल्या. “आत आहे तो. झोपला असंल.”

संघमित्रानं वाकून पाहिलं. अगदी खाली, पायरीशी, राजेरजवाड्यांच्या त्या गावात निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या. तो तुकडा तिनंच जागेवर बसवला होता, पण चपलांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. त्यातली एक उलटी होती.

“किती वेळा सांगितलं, उलटी टाकत जाऊ नको, घरात भांडणं होतात,” चंपाबाई पुटपुटल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला, उजवा पाय पुढे केला, आणि अंगठ्यानं फ्लेक्सवरची ती चप्पल सरळ करू लागल्या.