पाच खिळे आणि बधिर ओठ

मशीन नऊला सुरू व्हायचं आणि माणसं सहापासून रांगेत उभी राहायची. टाच दुखते म्हणून तीन तास उभी राहणारी ही मंडळी पाहून रस्त्यापलीकडची बूटवाली ताई रोज मनातल्या मनात हात जोडायची.

फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानात दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ उतरले होते. पांढरा कोट, हातात एकावर एक दोन रबरी मोजे, आणि टेबलावर निळ्या दिव्याचं मशीन. लोकांनी त्यांचं नाव लहरगुरू ठेवलं आणि त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं. आधी टाचेवर जाड थर देऊन तरंगलेप लावायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, तासभर ‘मुरू’ द्यायचं. मग मशीनची दांडी टाचेला टेकवायची की टक टक टक. लंगडत आत गेलेला माणूस ताठ चालत बाहेर यायचा आणि बाहेरच्या रांगेला भरून यायचं.

“लहर म्हणजे काय?” लहरगुरू रांगेला विचारायचे. उत्तराची वाट पाहण्याची त्यांना सवय नव्हती. “समुद्रात लहर आहे. रेडिओत लहर आहे. मोठ्या दवाखान्यात लहरींनी मुतखडा फोडतात. दगड फुटतो, मग तुमच्या टाचेतलं दुखणं काय दगडापेक्षा कठीण आहे?”

“नाही,” रांग एका सुरात म्हणायची. मुतखड्याचा आणि टाचेचा संबंध काय, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

ताईच्या दुकानाला एकच खिडकी, एक बैठं स्टूल आणि भिंतीला टांगलेले चाळीसेक बूट. माणूस काय सांगतो यापेक्षा त्याचा बूट कुठे झिजलाय हे ती आधी पाहायची. लहरगुरूंकडून ठणठणीत होऊन आलेल्यांचे बूट तिच्याकडेच यायचे. न्हाव्याचा उजवा बूट बाहेरच्या कडेला झिजलेला, तो महिन्यापूर्वी नवी टाच बसवल्यावर पुन्हा तिथेच झिजला होता. “पाय अगदी फुलासारखा झालाय,” न्हावी सांगत होता. ताईने बूट उलटा करून पाहिला. फुलासारखा पाय एका अंगावर का चालतो, हा प्रश्न तिने स्वतःपुरता ठेवला.

तो प्रश्न तिला स्वतःपुरता ठेवता आला नाही तो धाकट्या भावामुळे. भाऊ पोस्टमन. टाचेमागची जाड शीर तीन वर्षं दुखत होती. सरकारी दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी त्याला व्यायाम दिला होता, शॉकवेव्हचे, म्हणजे मशीनने टाचेला लहरींचे झटके देण्याचे, पाच वेळा उपचार ठरवले होते, आणि धावायचं नाही असं बजावलं होतं. दोनदा जाऊन आल्यावर स्वारीने दवाखान्याचं नाव टाकलं, कारण तिथे उपचार करताना दुखायचं आणि लगेच बरं काही वाटायचं नाही. लहरगुरूंकडे दुखत नव्हतं आणि लगेच बरं वाटत होतं. असा सौदा कुणाला नको असतो?

“ताई, रविवारी लहरगुरूंनी घड्याळाच्या मनोऱ्यावर दौड ठेवलीय,” तो दुकानात येऊन म्हणाला. “दोनशे बारा पायऱ्या. बरे झालेले सगळे पळणार आणि सगळ्यांच्या पुढे मी.”

“तुझी शीर तुटली म्हणजे?”

“दुखतच नाही तर तुटेल कशी?”

“आणि तुटली तर टपाल कोण वाटणार? मी?”

“तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही,” असं म्हणून तो तणतणत निघून गेला. ताईने त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. तिने त्याचं चालणं पाहिलं. डावा पाय अजूनही घाईघाईने उचलला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्हाव्याच्या बुटाला हात घातला. आतला सुकतळा लेपाने चिकट झाला होता. बोटांनीच तो ओढून काढला, हात फडक्याला पुसल्यासारखा केला आणि नेहमीप्रमाणे पाच बारीक खिळे ओठांत धरले. वीस वर्षांची सवय ती. एक हात बुटावर, एक हात हातोडीवर, मग खिळ्यांना जागा तोंडातच. चार खिळे ठोकून झाले. पाचव्या खिळ्याची वेळ आली, तर तो ओठांत जाणवेना. खाली पाहिलं, मांडीवर पाहिलं. बोटांनी चाचपलं, तर खिळा तिच्या खालच्या ओठालाच लटकत होता आणि ओठाला त्याची खबर नव्हती.

तिने ओठ चावून पाहिला. काही नाही. चहाचा घोट घेतला, तो हनुवटीवरून ओघळला. दाढ काढायला गेली होती तेव्हा असंच झालं होतं.

ताईची नजर सुकतळ्यावर गेली. मग दुकान ओढून घेतलं, सुकतळा कागदात गुंडाळला, थेट दवाखाना गाठला आणि ओठापासून रविवारच्या दौडीपर्यंत सगळं सांगितलं.

फिजिओबाईंनी मोजा घालून तो लेप निरखला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “लक्षण तर बधिर करणाऱ्या औषधाचंच दिसतंय. जाड थर, वर प्लास्टिक, वर तासभर. दुखणं जागेवरच राहतं, फक्त कळत नाही.”

“मग तुमचं शॉकवेव्ह तरी खरं का?”

“खरं आहे, पण जादू नाही. आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा, सोबत रोजचा व्यायाम, आणि फरक पडायला दोन-तीन महिने. बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींना नाही पडत. आणि आम्ही शक्यतो बधिर करत नाही. नेमकं कुठे दुखतंय हे पेशंटनेच सांगायचं असतं.” त्यांनी मोजा काढून टाकला. “तुमच्या भावाची शीर आधीच विरलेली आहे. बधिर करून दोनशे पायऱ्या पळाला तर मध्येच तुटू शकते. मग ऑपरेशन आणि सहा महिने घरी.”

“रविवारी मोकळ्या आहात का?” ताईने विचारलं.

रविवारी मनोऱ्याखाली अख्खं गाव लोटलं होतं. बारा धावपटू बाकावर पाय पुढे करून बसले होते, टाचांना लेप, लेपावर प्लास्टिक. मशीन अजून खोक्यात होतं. पोस्टमनभावाने ताईला पाहून तोंड फिरवलं.

“गुरुजी,” ताई अदबीने पुढे झाली, “हा लेप कशासाठी हो?”

“लहर वाहून नेण्यासाठी. काम सगळं मशीनचं. लेप नुसता पाण्यासारखा.”

“पाण्यासारखा? म्हणजे ओठाला लावला तरी चालेल?”

लहरगुरू क्षणभर अडखळले. पण समोर अख्खं गाव होतं. “खुशाल लावा,” ते म्हणाले.

ताईने बरणीतून बोटभर लेप काढून ओठाला चोळला. “बाकीच्यांनी सोसेल तर लावा,” ती म्हणाली, “पण गिळू नका.” फुकट मिळतंय म्हटल्यावर वीस-पंचवीस जण पुढे आले. न्हावी पहिला. सगळे ओठ चोळून उभे राहिले आणि ताईने चहाची किटली फिरवली.

थोड्या वेळाने पहिला कप न्हाव्याच्या सदऱ्यावर सांडला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. एक आजोबा आपला खालचा ओठ जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपून पाहू लागले. गावात सगळ्यात जास्त बोलणारा न्हावी, पण त्याच्या तोंडून एक शब्द धड निघेना.

“मशीन कुठंय?” ताईने मोठ्याने विचारलं. तिचेही शब्द जड झाले होते, पण कळत होते. “मशीन खोक्यात आहे. मग तुमच्या ओठांवर लहर कुणी सोडली?”

निम्म्यांना बोलता येत नव्हतं आणि निम्म्यांना लाज वाटत होती.

“गुरुजी, आता तुम्ही लावा. पण आधी ते मोजे काढा. एकावर एक दोन मोजे का घालता, हे मला आज कळलं.”

लहरगुरूंनी बरणीचं झाकण लावलं आणि त्यांना एकाएकी दुसऱ्या गावातल्या रुग्णांची आठवण झाली. गर्दीतून पुढे आलेल्या फिजिओबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं. आतल्या मशीनमध्ये एक निळा दिवा होता आणि दारावरच्या घंटेतला ठोका द्यायचा तुकडा, तारेने बांधलेला. टक टक टक एवढंच त्याचं काम.

पोस्टमनभाऊ मात्र पहिल्या पायरीवर हट्टाने उभा होता. “पण मला दुखत नाही, ताई. खरंच नाही दुखत.”

ताई त्याच्या पायाशी बसली. त्याने काढून ठेवलेले दोन्ही बूट तिने उलटे धरले. डावी टाच जवळजवळ नवी, उजवी घासून सपाट. “हे बघ. डाव्या पायावर तू भारच टाकत नाहीस. बुटात खिळा वर आला तर तू माझ्याकडे येतोस, पाय बधिर करून चालत नाहीस. मग इथे का चालतोस?”

तो पायरीवर बसला. ताई शेजारीच बसून राहिली. गर्दी पांगली, मनोऱ्याची सावली पायऱ्यांवरून सरकली. कधीतरी त्याने पाय हलवला आणि तोंड वाकडं केलं.

“दुखतंय, ताई.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता तरी ऐक.”

आता यातून काय घ्यायचं ते घ्या. कुणी दोन गोष्टी एकदम करून चमत्कार दाखवला, तर एक काढून टाका आणि उरलेलीने काय होतं ते बघा. त्याला ना डिग्री लागते ना देवाची कृपा. पाच खिळे आणि थोडी शंका पुरते.

लहरगुरू त्याच संध्याकाळी गेले. पोस्टमन सोमवारपासून पुन्हा फिजिओबाईंकडे जायला लागला. रोज सकाळी टपाल उचलण्याआधी तो मनोऱ्यापाशी येतो, पहिल्या पायरीच्या कडेवर पायाचे चवडे टेकवतो आणि टाच हळूहळू खाली सोडतो, पुन्हा वर घेतो. येणारे-जाणारे हसतात. दोनशे बारा पायऱ्या धावायला निघालेला माणूस तीन महिने एकाच पायरीवर. तो मोजत राहतो, आणि दुखलं की थांबतो.