न बघता केलेली सही

"आत काय सांगायचं ते ठरलंय ना?" बुटक्यानं बाकावरून विचारलं.

"ठरलंय की! न बघता आपण कधी सही केली नाही. बस्स," लंबू म्हणाला.

विमानांच्या दुरुस्तीखात्यात ही जोडी अठरा वर्षं एकत्र होती. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका शहरात दीडशे माणसांचं विमान कोसळलं, सगळा देश हळहळला. शेपटीतला एक बोल्ट सैल राहिला होता आणि तिथल्या कागदावर सह्या मात्र दोन! एकानं काम करायचं, दुसऱ्यानं त्या भागाचं झाकण उघडून स्वतः बघायचं, मग सही, असा नियम. पण नियम कोण पाळतंय? "तू केलंयस ना? मग झालं!" म्हणत दुसरी सही चहा पिता पिता व्हायची. शहाणे याला दोस्तीतला विश्वास म्हणायचे! आता देशभरातल्या दुरुस्तीखात्यांत चौकशी सुरू होती आणि इथंही अधिकारी एकेकाला आत बोलावत होते.

बुटक्या आधी गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तो थेट जिन्याकडे. लंबूकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"तुमच्या जोडीदारानं कबुली दिलीय," लंबू आत जाऊन बसताच अधिकारी बाई म्हणाल्या. "कित्येकदा न बघता सही केली म्हणाले. तुम्ही मात्र झाकण उघडल्याशिवाय पेनाला हात लावत नाही म्हणे. खरं आहे?"

लंबूला 'खोटं आहे, बाई,' एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"हो," तो म्हणाला.

बुटक्याचा परवाना गेला, त्याला हत्यारं वाटायच्या खिडकीत बसवलं. लंबूला बढती मिळाली! आता प्रत्येक झाकण तो स्वतः उघडतो, टॉर्च मारून दोनदा बघतो. साहेब नव्या पोरांना सांगतात, "यांच्याकडून शिका." तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पंधरा दिवस तो खिडकीकडे फिरकला नाही. शेवटी मनाचा हिय्या करून गेला.

"शिव्या दे रे," तो म्हणाला. "चार माणसांत दे."

बुटक्या नट आवळायचे पाने पुसत होता.

"कशाला? तुझी पोरगी अजून शिकतेय. माझ्यामागं कोण आहे? आणि मला झोप लागत नव्हती रे, ती दीडशे माणसं दिसायची. आता लागते." मग त्यानं मान वर केली. "तुला लागते का?"

मागे रांगेतला कुणीतरी म्हणाला, "आटपा ना साहेब," आणि लंबू बाजूला झाला.